पेंढ्याचं देणं

माझी आत्या देहूजवळच्या एका गावात दिलेली. तिच्या घरची शेगडी शेण आणि संडास या दोन्हींच्या गॅसवर चालायची, आणि तेवढ्याच कारणाने काही वर्षं भावकीतली माणसं तिच्याकडे चहालाही थांबत नसत. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि उमेदीची सगळी वर्षं भाताच्या पेंढ्यापासून मिथेन करण्याच्या कामात गेली. या कामासाठी मी ज्यांची ऋणी आहे, त्यांत पहिलं नाव आत्याचं.

तिला ही हिंमत कुठून आली तेही सांगायला हवं. देहूच्या सरकारी दवाखान्यात डॉ. सुहास मापुसकर आले आणि देहूचेच झाले. जंत आणि हगवण नुसत्या गोळ्यांनी जाणार नाही, रोगाचं मूळ उघड्यावरच्या शौचात आहे, हे ओळखून त्यांनी घरोघर संडास व्हावेत म्हणून वर्षानुवर्षं माणसांची समजूत घातली. संडासाला जोडून गॅसची टाकी बांधायची आणि मैल्याची घाण न राहू देता त्याचं इंधन आणि खत करायचं, हा त्यांचा आग्रह. या टाकीचं नाव ‘मलप्रभा’. तिची वाट कणकवलीच्या आप्पासाहेब पटवर्धनांकडून आलेली. आप्पांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मागून घेतलं, ते नाकारलं गेलं तेव्हा उपोषण धरलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. पुढे गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याच्या आणि शेणाच्या खताचे, गॅसचे प्रयोग चालवले. ‘कोकणचे गांधी’ म्हणून आप्पांचं नाव घेतलं जातं, पण त्यांनी स्वतः हात घालून केलेल्या या कामाची आठवण फार थोड्यांना असते, याचं मला दुःख होतं. मापुसकरांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली, तीही मरणोत्तर.

आत्याने हे काम जवळून पाहिलं होतं. नवऱ्याची समजूत तिनेच घातली. सासूबाई काही दिवस अंगणातल्या चुलीवर आपली भाकरी वेगळी थापत. पावसाळ्यात ओल्या सरपणाच्या धुराने डोळे चुरचुरायला लागले तेव्हा त्याही शेगडीपाशी येऊन बसल्या. “निळ्या जाळाला कसला आलाय इटाळ?” एवढंच आत्या म्हणायची. वाद घालत बसायचा तिचा स्वभाव नव्हता.

सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायची. टाकीवर लोखंडी टोपी तरंगत असे. गॅस साठला की टोपी वर चढायची, दोन्ही वेळचा स्वयंपाक झाला की खाली बसायची. तरंगत्या टोपीची ही युक्ती मुळात जशभाई पटेलांची. पन्नाशीच्या दशकात त्यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचं यंत्र घडवलं, पुढे खादी आयोगाने ते उचललं आणि गावोगाव नेलं. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती रोज सकाळी पदर खोचून कुंडीपाशी बसायची, जितकं शेण तितकंच पाणी घालायची आणि कोपरापर्यंत हात घालून शेणकाला करायची. काडी, खडा, दोरीचा तुकडा बोटांना लागला की बाहेर. गुठळी तर ती राहूच द्यायची नाही. एक किलो शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो, हे मी नंतर शिकले. शेण नीट कालवलं नाही तर तेवढा मिळत नाही, हे तिच्या हाताला आधीच माहीत होतं.

टाकीची तब्येत ती जाळावरून ओळखायची. बर्नर पेटून लगेच विझायला लागला, जाळ धरेना, की ती मागच्या तोंडाशी जाऊन बाहेर आलेली स्लरी चिमटीत घेऊन हुंगायची. आंबूस वास आला की त्या दिवसापासून शेण बंद, टाकी सावरेपर्यंत. कुणी जास्तीचं शेण आणून दिलं तरी ती एकदम ओतायची नाही, रोज थोडं थोडं वाढवायची. “टाकी गाभण म्हशीवानी असती पोरी. तिचं काही एकदम बदलायचं नाही.” टाकीत आम्ल करणारे जंतू झपाट्याने वाढतात आणि त्या आम्लाचा मिथेन करणारे फार संथ असतात, घास मोठा झाला की पहिले पुढे पळतात, सामू 6.5 च्या खाली घसरतो आणि दुसरे गळाठतात. हे सगळं मी पुढे पुस्तकात वाचलं, तेव्हा त्यातलं काहीच मला नवं वाटलं नाही.

एका गोष्टीची मात्र आत्याला धास्ती होती. गोठ्यातल्या शेणाबरोबर पेंढा येतो, तो ती वेचून काढायची. पेंढा टाकीत गेला की तरंगतो, वर जाड थर धरतो, मग गॅस अडतो आणि टोपी उचलून थर फोडायची पाळी येते. मी विचारलं होतं, गाय तर पेंढाच खाते, मग टाकीला का चालत नाही? ती म्हणाली, “ते गाईलाच इचार.”

तेच करण्यात माझं आयुष्य गेलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मला बाई भेटल्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. हवेत मरणारे जंतू वाढवायचे कसे, ही त्यांची विद्या. अमेरिकेच्या रॉबर्ट हंगेट यांनी गाईच्या पोटातल्या जंतूंसाठी बसवलेली पद्धत त्या आम्हाला शिकवायच्या. जंतूंचं खाद्य उकळायचं, त्यातून कर्ब-वायू किंवा नायट्रोजन सोडत राहायचा, रबरी बूच घट्ट बसवायचं. खाद्यात रेझाझुरिन नावाचा रंग असतो. प्राणवायू शिल्लक असेल तोवर नळी गुलाबी दिसते. सिस्टीन घालून तो संपवला की गुलाबी फिकट होत होत पार निघून जातो आणि नळी स्वच्छ दिसते. ती छटा पूर्ण गेल्याशिवाय बाई पुढचं काही करू देत नसत. “घाई असेल तर दुसरा विषय घे,” असं त्या अगदी प्रेमाने सांगायच्या. मिथेन करणारे जंतू पहिल्यांदा दाखवले तेही त्यांनीच. सूक्ष्मदर्शकाच्या जांभळ्या प्रकाशात काळोख्या पटलावर निळसर-हिरवे ठिपके आपोआप उजळले. कुठलाही रंग चढवलेला नव्हता. त्यांच्या पेशीतच एक द्रव्य असतं, ते तसं चमकतं. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली दाखवून दिलं की हे जीव नेहमीच्या जिवाणूंच्या कुळातले नाहीत, त्यांचा वंशच निराळा. आत्याच्या टाकीत हेच होते, आणि आमच्या भातखाचरातही हेच. मावळात चिखलणीच्या वेळी गुडघाभर गाळात पाय टाकला की भोवताली बुडबुडे वर येतात. लहानपणी आम्ही मुलं ते फोडत फिरायचो. तो मिथेनच.

बाईंनी विद्या दिली, पण जंतू आणून दिले मामांनी. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई. सगळेच त्यांना मामा म्हणत. पेंढा पचवणारं काही हवं असेल तर ते जनावराच्या कोटीपोटातच मिळणार, म्हणून मामा पहाटे कत्तलखान्यात जायचे. निघण्याआधी थर्मास गरम पाण्याने भरून ठेवायचे. तिथे पाणी ओतून देऊन त्यात कोटीपोटातला रस काठोकाठ भरायचे, म्हणजे आत ना गारवा ना हवा. मग तो छातीशी धरून बसने यायचे. बसमध्ये वासामुळे लोक त्यांच्यापासून लांब सरकत, हे ते कधी बोलून दाखवत नसत; मला ते दुसऱ्याकडून कळलं.

मामांनी आपण होऊन एक गोष्ट सुरू केली. जनावर कुठून आलं आणि काय खात होतं, हे ते तिथल्या माणसांना विचारायचे आणि थर्मासवर चिकटपट्टी लावून लिहायचे: हिरवा चारा, कडबा, वाळला पेंढा, वाडं. कुणी सांगितलेलं नव्हतं. या चिकटपट्ट्या मी वहीत उतरवत गेले आणि त्यातून दिसायला लागलं की पेंढ्यावर जगणाऱ्या जनावरांच्या रसात आमची नळीतली काडी लवकर भुसभुशीत होते. कोवळा हिरवा चारा खाणाऱ्यांच्या रसात ते होत नाही. परदेशातल्या संशोधकांना हे मेंढ्यांमध्ये आढळलेलं होतंच, पण आपल्या म्हशींचा रस कुठून घ्यावा, हे आम्हाला मामांच्या अक्षरातून कळलं.

काडी भुसभुशीत करणारी ती एक बुरशी होती. तिची कथा मला फार प्रिय आहे. मेंढीच्या कोटीपोटात शेपटीने पोहणारे बारीक जीव दिसतात, ते आदिजीव आहेत असं सगळे धरून चालले होते. इंग्लंडचे कॉलिन ऑर्पिन यांनी पाहिलं की मेंढीने खाल्लं की थोड्याच वेळात त्यांची संख्या एकदम वाढते. इतक्या लवकर कुणाची वीण होत नाही. मग ते येतात कुठून? गवताच्या काडीत रुजलेल्या बुरशीच्या पिशव्यांमधून. ते पोहणारे जीव म्हणजे त्या बुरशीची बीजं. 1975 साली ऑर्पिन यांनी हे मांडलं तेव्हा लोकांना पटेना, कारण बुरशीला प्राणवायू लागतोच, ही त्या काळची पक्की समजूत. पुढे या जिवांच्या भिंतींमध्ये कायटिन सापडलं आणि शंका मिटली. या बुरशीचे बारीक मूळतंतू काडीत शिरतात, आतून तिला उकलतात आणि सेल्युलेजसारखं पाचक द्रव्यही सोडतात. मग जिवाणूंना वाट मिळते. गाईला पेंढा पचतो त्यात या बुरशीचा वाटा मोठा. आत्याच्या टाकीत ती नव्हती. शेणातून येणारी थोडीफार तिथे तग धरत नाही.

ऑर्पिन यांना मी कधी भेटले नाही. पण आपण सगळ्यांपेक्षा वेगळं पाहिलं म्हणून मागे न हटणाऱ्या त्या माणसाचं माझ्यावर ऋण आहे, असं मी मानते. तसंच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं. या बुरशीवर आणि मिथेन करणाऱ्या जंतूंवर तिथे वर्षानुवर्षं काम झालेलं आहे आणि आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळांना त्याचा आधार वाटत आला.

डॉ. आनंद कर्वे यांचं ऋण आणखी वेगळं. त्यांच्या ‘आरती’ संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारी छोटी टाकी घडवली आणि तिला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शेणात जनावराने पोषण काढून घेतल्यावर उरलेलंच असतं, मग टाकीला उष्टं का घालता? पिष्ट आणि साखर घाला, गॅस काही तासांत मिळेल. हे ऐकल्यावर आमच्या कामाची दिशा पक्की झाली. पेंढ्यातही साखरच आहे, फक्त कुलपात. सेल्युलोजच्या साखळ्यांभोवती काष्ठक गच्च बसलेलं, आणि भाताच्या पेंढ्यात वर सिलिकाची भर.

ते कुलूप उघडणं सोपं गेलं नाही. सिलिकाने कुट्टी यंत्राची पाती बोथट व्हायची. पेंढ्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. टाकीला एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब मानवतो, पेंढ्यात तो सत्तरच्या घरात जातो; म्हणून शेण मिसळावंच लागतं. बुरशीला 39 अंशांची ऊब हवी, सामू जरा घसरला की ती मरते, आणि मिथेनच्या टाकीत जिवाणूंच्या गर्दीपुढे तिचा टिकाव लागत नाही. म्हणून आम्ही दोन टाक्या केल्या. पहिल्या छोट्या टाकीत बुरशीने काही दिवस काडी मऊ करायची, दुसरीत जिवाणूंनी तिची आम्लं आणि शेवटी मिथेन करायचा. एक किलो वाळक्या पेंढ्यातून 150 ते 250 लिटर मिथेन निघू शकतो. त्यातला वरचा आकडा गाठायचा तर ही आधीची उकल लागते. मोठ्या कारखान्यांत आज हे काम बहुतेक बारीक दळून, वाफेने किंवा अल्कलीने करतात. बुरशी अजून त्या मापाला पोचलेली नाही. ती पोचावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिला ना वाफ लागते ना कॉस्टिक.

टाकीतून निघतो त्या गॅसमध्ये मिथेन 55 ते 65 टक्के, बाकी बहुतेक कर्ब-वायू आणि थोडा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तो धुऊन काढून मिथेन 90 टक्क्यांवर नेला की त्याला बायोमिथेन म्हणायचं. दाबून सिलिंडरमध्ये भरला की सीएनजीवर चालणारी कोणतीही गाडी त्यावर चालते. केंद्र सरकारने 2018 मध्ये यासाठी ‘सतत’ योजना काढली. पंजाबात संगरूर जिल्ह्यात लेहरागागा इथे 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यावर चालणारा मोठा कारखाना सुरू झाला, दिवसाला 33 टन गॅस देण्याच्या क्षमतेचा. ती बातमी मी मामांना वाचून दाखवली. ते तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी विचारलं, “म्हणजे आपला थर्मास एवढा झाला?” आणि खूप आनंदाने हसले.

आमच्या संग्रहातल्या प्रत्येक बुरशीची नोंदवहीत एक ओळ असते: क्रमांक, जनावर, ठिकाण, तारीख, संकलक. प्रथा अशी की संकलक म्हणून संशोधकाचं नाव लागतं. पेंढ्यावर सगळ्यांत चांगली वाढणारी जात नोंदवली तेव्हा मी त्या रकान्यात मामांचं पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी वाचलं, सही केली आणि आधीच्या ओळीही दुरुस्त करायला सांगितल्या. हे फेडणं नाही, मला ठाऊक आहे. पण जगात कुणी ती जात मागवली तर तिच्याबरोबर मामांचं नाव जातं.

राहता राहिलं शेताचं देणं, आणि आज मी सर्वांत जास्त बोलते ते त्याविषयीच. मावळात आता बैल कमी झाले. ट्रॅक्टरने चिखलणी होते, मळणी यंत्राने, आणि पूर्वी उडवीत जपून रचला जाणारा पेंढा बांधावर पडून राहतो. काही जण पेटवून देतात. तसाच गाडला आणि वर पाणी साचलं तर चिखलातले जंतू त्याचा मिथेन करतात, तो थेट हवेत. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्ब-वायूच्या सुमारे 28 पट तापवतो. म्हणून पेंढा टाकीत जावा, हे मी छातीठोकपणे सांगते. पण भात जमिनीतून जेवढं पालाश उचलतं, त्यातलं बहुतेक दाण्यात जात नाही, पेंढ्यात राहतं. टाकीतून गॅस होऊन निघतो तो कर्ब आणि हायड्रोजन. नत्र, स्फुरद, पालाश, सिलिका स्लरीत जसंच्या तसं उरतं. म्हणजे शेताचं जे आहे ते शेताला परत देता येतं, आणि हीच या विद्येची सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. मोठा कारखाना पेंढा वीस-पंचवीस गावांतून गोळा करणार आणि स्लरी सुकवून पोत्यात भरून जास्त भाव देईल त्याला विकणार असेल, तर गाववाल्याला गॅसही मिळाला नाही आणि पालाशही गेलं. दोन-चार हंगामांत खाचरं ते बोलून दाखवतील.

आमच्या भागातही असा प्रकल्प व्हावा म्हणून बोलणी चालू आहेत. मध्यंतरी आत्याच्या गावी शेतकऱ्यांची बैठक झाली, मला बोलावलं होतं. माझा आत्तेभाऊ म्हणाला, ताई, पेंढ्याला किलोमागे काय भाव देणार ते आधी विचार. आत्या आता थकली आहे, खुर्चीत बसून ऐकत होती. ती म्हणाली, “भाव मागनं. स्लरी कधी देनार ते इचार आधी.” मग त्यावरच बैठक बराच वेळ चालली. कुणी म्हणालं दिवाळीनंतर द्या, कुणी म्हणालं उन्हाळ्यात. शेवटी सगळ्यांनी मिळून कराराच्या मसुद्यात घातलं ते असं: ज्या शेतकऱ्याचा पेंढा गेला त्याला पेंढ्याच्या वजनाच्या हिशेबाने स्लरी मिळेल, वाहतुकीचा खर्च प्रकल्पाचा, आणि ती मे महिना संपायच्या आत खाचरात पडलेली असेल. जूनमध्ये मावळात पाऊस लागला की ट्रॉली बांधापर्यंत जात नाही.